सासऱ्याच्या नावाचा शब्द

उकडलेल्या केळ्यांचा आणि घेवड्याच्या रश्शाचा वाडगा सासऱ्यापुढे ठेवून सुबिलागा मागे सरली, आणि सरता सरता थबकली. खाली घातलेल्या तिच्या नजरेला रोज दिसायचे तेच दोन हात दिसले... पण आज ते थरथरत होते. वाऱ्यावर केळीचं फाटकं पान फडफडावं तसे थरथरत होते. म्हाताऱ्याने वाडगा उचलला, रस्सा काठावरून सांडला, बोटं चांगली पोळली असणार, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. वाडगा खाली ठेवून त्याने दोन्ही हात पांघरुणात लपवले.

अंगणात दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं ते सुबिलागाला एका क्षणात कळलं. आणि तिने तोंड मिटून घेतलं.

चौदा वर्षं ती या घरात सून होती, पण सासऱ्याचा चेहरा तिने एकदाही पाहिला नव्हता. आमच्या रुंग्वेच्या डोंगरात तेव्हा तशी रीतच होती. सुनेने सासऱ्याकडे बघायचं नाही. तो वाटेवर समोरून आला तर केळीच्या बागेत शिरून पाठ करून उभं राहायचं. त्याच्याशी बोलायचं नाही. बोलल्यावाचून गत्यंतरच नसेल तर भिंतीला सांगायचं, नाहीतर चुलीला, आणि त्याने ते ऐकायचं. त्यामुळे सासरा म्हणजे तिच्या लेखी दोन पावलं आणि दोन हात. पावलांच्या आवाजावरून तो रागात आहे की कसा ते ती ओळखायची, आणि हातांवरून किती प्यालाय ते.

आणखी एक होतं. सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नाही. म्हाताऱ्याचं नाव होतं अंबोकिले. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'त्याने मला वाचवलं'. लग्न झालं त्या दिवसापासून 'वाचवणं' हा शब्दच सुबिलागाच्या तोंडातून गेला. रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायका 'प्रभूने आम्हां वाचविले' असं गळा मोकळा करून गात, तेव्हा ती तेवढ्या शब्दापुरते ओठ मिटून घेई. त्याच्या जागी ती 'बाहेर काढणं' म्हणायची. आमच्याकडच्या सगळ्याच सुना असा कुठला तरी शब्द गिळून जगत होत्या. कुणाला 'पाऊस' म्हणता येत नव्हतं, कुणाला 'गाय'. पाणवठ्यावर त्यावरून थट्टा चालायची, हसून हसून पुरेवाट व्हायची.

सुबिलागाच्या बाबतीत मात्र ती हसण्याची गोष्ट राहिली नाही.

सात वर्षांपूर्वी, साबण, मीठ, रॉकेल काही म्हणता काही मिळत नव्हतं त्या दिवसांत, तिची एकुलती एक लेक बुपे पाच वर्षांची होती. चुलीपाशी मक्याच्या बुरकुंड्यांशी खेळता खेळता पोर एकाएकी ताठ झाली, डोळे पांढरे झाले, आणि ती आडवी झाली तेव्हा उजवा हात निखाऱ्यात गेला. सुबिलागाने तिला ओढून दारापाशी आणलं आणि अंगणात धावत जाऊन ती ओरडली. गळ्यापर्यंत आलेला शब्द सवयीने मागे फिरला आणि तोंडातून निघालं, "बाहेर काढा... अहो, बाहेर काढा..."

असं कुणी ओरडतं ते घराला आग लागली की. शेजारपाजारचे धावले ते थेट घरात शिरले आणि मक्याची पोती, चटया, लाकडी पेटी, कोंबड्यांची टोपली, हाताला लागेल ते बाहेर आणून टाकू लागले. कुणीतरी घागरभर पाणी छपरावर ओतलं. आणि त्या सगळ्या पायांच्या मधे तिची लेक झटके देत पडली होती... धूर नाही, आग नाही, हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत पोरीचं डोकं दारच्या दगडावर आपटून फुटलं होतं आणि हाताची कातडी सुटली होती. मग सगळ्यांना तोंडावरचा फेस दिसला, आणि सगळेच दोन पावलं मागे झाले.

"किफाफा," कुणीतरी हळूच म्हणालं.

फेफऱ्याला आमच्याकडे किफाफा म्हणतात. त्या शब्दात मरण दडलंय म्हणून तो कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आणि त्या फेसाला हात लागला की आपल्यालाही तेच जडतं, अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत. म्हाताऱ्याची बहीण तुम्पे, घरातली मोठी बाई, तिने त्याच संध्याकाळी टवके उडालेला एक हिरवा पत्र्याचा वाडगा काढून बुपेपुढे आदळला. "हा तुझा. यातच खायचं. दुसऱ्या भांड्याला हात लावलास तर बघ." आठ दिवसांनी म्हातारा अंगणात बसून दारूने जड झालेल्या जिभेने भिंतीला म्हणाला, "भिंती, तिला सांग. पोरीला तिच्या आजीकडे नेऊन सोड. माझ्या रक्तात हे कधी नव्हतं. हे तिकडून आलंय."

सुबिलागाचा नवरा ग्वाकिसा तिथेच होता. खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तो बोलेल, आत्ता बोलेल, म्हणून ती बराच वेळ उभी राहिली... तो बोलला नाही.

बुपे खाली तळ्याकाठी, क्येलाच्या उकाड्यात, सुबिलागाच्या आईकडे वाढली. हिरवा वाडगा खिळ्यावर टांगलेला राहिला. त्याला हात लावून तो फेकून द्यायचीही कुणाची छाती झाली नाही. दर महिन्याला सुबिलागा डोंगर उतरून सरकारी दवाखान्यात जायची, लेकीच्या गोळ्यांची पुडी घ्यायची, आणि ट्रकच्या मागे बसून क्येलाला पोहोचवून यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून झटके वर्षातून एखाद-दुसऱ्यावर आले होते. पण ते ऐकायचं कुणाला होतं? आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं हे की आमच्याकडे बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात. ज्यांनी पोरीला घालवलं तेच दिवसातून वीस वेळा तिला हाक मारत, "बुपेची आई, पाणी दे... बुपेची आई, मीठ कुठे ठेवलंस?" दर हाकेला तिच्या काळजावर चरका बसायचा.

आणि आता हे थरथरणारे हात.

झालं होतं असं. म्हाताऱ्याचा जिवाभावाचा सोबती मेला. त्याची शवपेटी खांद्यावर घेतलेल्या चौघांत अंबोकिले होता, आणि नेहमीसारखा सकाळपासून प्यालेला होता. कबरीच्या तोंडाशी त्याचा पाय घसरला आणि पेटी आडवी पडली. झाकण उघडून मेलेल्याचा हात बाहेर आला तेव्हा विधवेने जो टाहो फोडला तो साऱ्या डोंगराने ऐकला. म्हाताऱ्याने तिथेच, ओल्या मातीत गुडघे टेकून, सगळ्यांदेखत शपथ घेतली : आजपासून थेंब नाही. तीस वर्षं केळ्यांची गोंगो गाळून भावाला पाजणाऱ्या तुम्पेने घरी येऊन भट्टीची मडकी आपल्या हाताने फोडली. साऱ्या वस्तीला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सुबिलागा गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. तिथला हमीसी किनाऱ्याकडचा माणूस. मोठा डॉक्टर नव्हता, पण आम्ही त्याला डॉक्टरच म्हणायचो. पुडी बांधताना तिने ही हकिकत त्याला गंमत म्हणून सांगितली. हमीसी हसला नाही.

"किती वर्षं पितोय?"

"माझा नवरा लहान पोर होता तेव्हापासून."

"आणि एका दिवसात सोडली? बुपेची आई, त्याला उद्याच्या उद्या इकडे आण. हात थरथरायला लागतील, घाम फुटेल, मग नसलेल्या मुंग्या दिसतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस धाडकन पडून झटके देतो. त्यातून काही उठतच नाहीत. मी त्याला गोळी देईन, झटके येऊच देणार नाही. पण आधी आणायला हवं. पडल्यावर नव्हे."

"कुठली गोळी?"

हमीसीने तिच्या हातातल्या पुडीवर बोट टेकवलं. "हीच."

ते वाक्य घेऊन ती डोंगर चढली. हीच... हीच... प्रत्येक पावलाला तिच्या छातीत काहीतरी पेटत गेलं. ज्या रक्तात हे कधी नव्हतं, त्या रक्ताला आता हीच गोळी? घरी येऊन तिने चूल पेटवली, केळी सोलली, रस्सा केला. कुणालाही काही सांगितलं नाही. सांगायला भिंत होती, चूल होती, नवरा होता. पडू दे, तिच्या मनात आलं. एकदा पडू दे. सगळ्यांदेखत पडू दे, आणि फेस येऊ दे, आणि सगळे मागे सरलेले त्याला दिसू देत.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आज वाडग्यापाशी थबकली तेव्हाही शब्द जिभेवर होता. तिने तो गिळला. शब्द गिळायची तिला सवयच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारू सोडलेला माणूस बघायला चार शेजारी आले.

"अंबोकिले, रात्री झोप लागली का रे?"

"त्याला कुठली झोप? गोंगो नसली की त्याला स्वतःचंच घोरणं ऐकू येतं."

तुम्पे तोऱ्यात म्हणाली, "हसा, हसा. त्याच्या अंगातनं दारूचं भूत निघतंय. निघताना हात हलवून निरोप घेणारच की."

दाराआड उभ्या सुबिलागाला म्हाताऱ्याचे हात दिसत होते. ते पांघरुणावरून काहीतरी झटकत होते. "मुंग्या," तो पुटपुटला. "तुम्पे, मुंग्या झटक गं." पांघरुणावर एकही मुंगी नव्हती. सुबिलागाला हमीसीचे शब्द आठवले. आता सांगावं... अजूनही वेळ आहे... तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी तो चमत्कारिक आवाज आला. माणसाच्या गळ्यातून हवा पिळून निघते तो. हा आवाज तिच्याइतका त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हता.

बाक उलटला. म्हातारा ताठ होऊन जमिनीवर पडला आणि झटके देऊ लागला. तोंडाशी फेस आला. शेजारी मागे झाले. तुम्पे, जिने त्याला लहानपणी पाठीवर वागवलं होतं, ती तोंडावर हात घेऊन कुंपणाला चिकटली. ग्वाकिसा धावला, पण दोन हातांवर येऊन खिळ्याने ठोकल्यासारखा उभा राहिला. प्रत्येक झटक्याला म्हाताऱ्याचं डोकं दारच्या दगडाकडे सरकत होतं... त्याच दगडाकडे.

जे व्हावं म्हणून तिने दोन दिवस तोंड मिटलं होतं ते जसंच्या तसं समोर घडत होतं. आणि तिला सुख झालं नाही. राग आला, आणखी आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मागे सरलेल्या पायांचा राग, नवऱ्याचा, स्वतःचा. त्या रागातच ती अंगणात आली, गुडघे टेकले, अंगाभोवती गुंडाळलेलं खांगाचं कापड ओढून त्या डोक्याखाली सरकवली, आणि म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी कुशीवर वळवलं.

"सुनेने हात लावला," कुंपणापासून तुम्पे किंचाळली. "अगं, सासऱ्याला हात लावलास?"

कुणीतरी लाकडी पळी आणली. "दातात घाला, जीभ तुटेल."

"पळी टाक ती," सुबिलागा म्हणाली. "दात मोडतील नाहीतर घशात जाईल. काही घालायचं नाही तोंडात."

आणि मग तिने सासऱ्याचा चेहरा पाहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. हनुवटीला मधोमध खळी होती. डाव्या भुवईत केसांचा भोवरा होता... बुपेच्या भुवईत असतो तसाच, त्याच जागी. जी लेक आईच्या रक्ताची म्हणून घालवली, तिचा चेहरा म्हातारा आपल्या मानेवर घेऊन हिंडत होता, आणि रीत म्हणून सुबिलागाला तो कधी दिसला नव्हता.

तिने मान वर करून त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि ती ओरडली, "बघता काय? वाचवा. वाचवा त्यांना."

आता मात्र कुणी पोती बाहेर काढायला धावलं नाही. ग्वाकिसा हलला. त्याने बांबूची माची आणली.

दवाखान्यात हमीसीने म्हाताऱ्याला आत घेतलं, सुई दिली, पडदा ओढला. घटकाभराने बाहेर आला तो हात पुसत आणि चिडून.

"परवा मी काय सांगितलं होतं तुला? पडायच्या आधी आण म्हणालो होतो की नाही?"

तुम्पे हळूहळू वळली. ग्वाकिसाही.

"काय सांगितलं होतं?" तुम्पेने विचारलं.

सुबिलागाला खोटं बोलता आलं असतं. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पडतील म्हणून सांगितलं होतं. मी घरी बोलले नाही."

"माझ्या बापाला मारायला निघाली होतीस?" ग्वाकिसाचा आवाज चिरकला.

"तोंड फुटलं का तुम्हाला? चांगलं झालं. सात वर्षं वाट बघत होते मी." ती उठून उभी राहिली. "हो, दोन दिवस गप्प बसले. पाप केलं. देव मला विचारील तेव्हा मी उत्तर देईन. पण तुम्ही कुठल्या तोंडाने विचारता, बुपेचे बाबा? तुमच्या लेकीला पाच वर्षांची असताना अंगणातून हाकललं, तेव्हा तुम्ही अंगठ्याने माती उकरत होतात. मी तुमचा तो अंगठा अजून विसरले नाही. आणि आत्याबाई, आज तुम्ही का मागे सरलात? तुमचा सख्खा भाऊ ना तो? आता त्यांनाही हिरवा वाडगा द्याल ना?"

पडद्याआडून खोकल्याचा आवाज आला. म्हातारा शुद्धीवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

हमीसी आत गेला. त्याचा समजावणीचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "बाबा, तीस वर्षं दारूचा हात तुमच्या डोक्यावर दाबून बसला होता. तो तुम्ही एकदम काढलात, म्हणून डोकं उसळलं. ही गोळी म्हणजे दुसरा हात. हा हळूहळू उचलायचा. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोड्या कमी, आठवड्याने बंद. पहिले चार दिवस माझ्या नजरेखाली राहायचं. आणि वर दारूचा थेंब घ्यायचा नाही, दोन्ही मिळाले की झोपेतच श्वास थांबतो."

"ही गोळी... ती पोरगी घेते तीच का?"

"तीच."

"मग मी नाही घेणार. मला किफाफा नाही. माझ्या रक्तात नाही ते. एक घोट दे, थरथर आपोआप थांबेल."

"रक्ताचं काय ते मी बघतो. तुम्ही गोळी गिळा."

"नाही म्हटलं ना."

सुबिलागा पडद्याशी गेली. पाठ फिरवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रीत ती रीत.

"भिंती, त्यांना सांग," ती म्हणाली. "माझी लेक पाच वर्षांची असल्यापासून ही गोळी गिळतेय. कडू लागली तरी रडली नाही. तिने एकदाच विचारलं, आई, ही घेतली की आजोबा घरी येऊ देतील का? मी हो म्हणाले. मी तिच्याशी खोटं बोलले, भिंती. सात वर्षं ती माझ्या खोट्यावर गोळ्या गिळतेय. आता त्यांना म्हणावं, गिळायची नसेल तर नका गिळू. पण पुन्हा पडलात तर हे हात पुढे येणार नाहीत. एकदा रीत मोडली. दुसऱ्यांदा मोडणार नाही."

आत खाट करकरली. मग पत्र्याच्या पेल्यातलं पाणी हलल्याचा आवाज आला, आणि घशातून काहीतरी खाली उतरल्याचा.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्याला घरी आणलं. जेवायच्या वेळी सुबिलागा चुलीपाशी बसली होती. तुम्पेने केळी वाढली आणि भावापुढे ठेवली. कशात वाढली ते सुबिलागाने पाहिलं... खिळ्यावरच्या हिरव्या वाडग्यात. तिच्या तोंडचे ते शब्द रागाचे होते. म्हातारीने ते खरे करून दाखवले होते.

"हे काय?" म्हाताऱ्याचा आवाज.

"तुझ्यासाठी." तुम्पेची नजर भलतीकडेच होती. "थोडे दिवस रे. घरात इतर माणसं आहेत. लोकही विचारतात."

"तुम्पे, तीस वर्षं तू मला एकाच मडक्यातून पाजलंस. माझं उष्टंही प्यालीस."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

सुबिलागाला फक्त हात दिसत होते. ते आता थरथरत नव्हते. त्यांनी हिरवा वाडगा उचलला, गोल फिरवला, आणि एक अंगठा टवका उडालेल्या काठावरून हळूहळू फिरत राहिला... पाच वर्षांच्या पोरीचा ओठ जिथे लागायचा तिथे. मग ते हात जेवू लागले. त्यांनी वाडगा शेवटच्या घासापर्यंत पुसून घेतला.

म्हाताऱ्याने शेवटची गोळी घेतली त्या सकाळी त्याची पावलं सुबिलागाच्या दाराशी आली. ती पाठ करून उभी राहिली.

"भिंती," म्हातारा म्हणाला, आणि थांबला. "नको. भिंत राहू दे. मी पडलो होतो तेव्हा कुणीतरी माझं नाव घेतलं."

"नाव नाही घेतलं. वाचवा म्हटलं."

"तेच माझं नाव."

दाराबाहेर त्याची पावलं घुटमळली.

"पोर पडली तेव्हाही तेच ओरडली असतीस तर लोक आधी तिच्याकडे धावले असते."

"तेव्हा मी तुमचं नाव जपलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात विस्तव होता, आणि तो विझवायची तिला इच्छा नव्हती. "तिचा हात जळाला, पण तुमचं नाव जपलं."

बाहेर पाचोळ्यात कोंबड्या उकरत होत्या. म्हातारा रडत असावा. पण पाठ करून उभं राहिलेल्या बाईला कसं कळणार?

"त्या दिवशी वाडगा ठेवून तू थबकली होतीस," तो शेवटी म्हणाला. "तुझी पावलं मला माहीत आहेत. काहीतरी सांगायचंय आणि सांगत नाहीयेस, हे मला कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारायचं तोंडच कुठे होतं मला? तो शब्द आता तुझा तुला परत, सूनबाई. माझ्या नावाला काही होत नाही. क्येलाचा ट्रक किती वाजता सुटतो?"

तो गेला तो हिरवा वाडगा काखेत घेऊन गेला. दोन दिवसांनी दोघं चढण चढून आली; पुढे म्हातारा, मागे बरंच अंतर राखून बुपे. उंच झालेली, हाताच्या डागावर बाही ओढलेली, गोळ्यांचा डबा छातीशी धरलेली. अंगणात येऊन ती आईला बिलगली नाही. सगळीकडे एकदा नजर फिरवून तिने विचारलं, "या वेळी मी किती दिवस इथे?"

म्हातारा अंगणाच्या कडेवरून म्हणाला, "भिंती, तिला सांग, हे घर..."

"मी भिंत नाहीये," बुपे म्हणाली. "मला सांगायचं ते मला सांगा."

ग्वाकिसा पुढे झाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या आधी तोंड उघडलं. "कायमची, पोरी," तो म्हणाला, आणि त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण जवळही गेली नाही.

जेवताना तुम्पेने मुकाट्याने तिला घरातलीच थाळी दिली. हिरवा वाडगा म्हाताऱ्याच्या हातात होता. "तुझं तर संपलं सगळं," तुम्पे कुरकुरली. "आता टाक तो."

"माझा आहे तो," म्हातारा म्हणाला.

एवढ्याने सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. बुपे आजोबांशी बोलत नव्हती. सुबिलागाचा राग गेला नव्हता. सात वर्षांचा राग दोन दिवसांच्या ट्रकप्रवासाने जात नाही. ती पूर्वीसारखीच मान खाली घालून वाढायची, फक्त चर्चमध्ये तो शब्द आला की आता ओठ मिटत नव्हती.

मग पेरणीच्या दिवसांत दवाखान्याला गोळ्या आल्याच नाहीत. हमीसीने होत्या तेवढ्या दिल्या, अर्ध्या करून पुरवल्या, तरी चार दिवसांचा खाडा पडला. सुबिलागा विहिरीवर होती. अंगणातून ओरडणं ऐकू आलं तेव्हा तिच्या हातातून दोर सुटला. आवाज म्हाताऱ्याचा होता. फाटलेला, ऊर फुटेपर्यंत ओढलेला.

"वाचवा... अरे, वाचवा कुणीतरी..."

म्हातारा आपलंच नाव घेऊन ओरडत होता.

ती धावत आली तेव्हा बुपे जमिनीवर झटके देत होती, आणि अंबोकिले तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता. अंगातला सदरा काढून त्याने पोरीच्या डोक्याखाली कोंबला होता. त्याच्या उघड्या छातीवर फेस लागला होता. तुम्पे एका बाजूला नुसती पाणी घेऊन उभी होती, पण उभी होती, कुंपणापाशी गेली नव्हती.

सुबिलागा पलीकडून गुडघ्यांवर बसली. लेकीच्या अंगावरून दोघं समोरासमोर आली. तिने नजर खाली घातली नाही, त्याने मान फिरवली नाही. तीच भुवई, तीच खळी, आणि गालावरून वाहणारं पाणी.

"दाबू नका तिला," ती त्याच्या तोंडावर ओरडली. "इतकी वर्षं घरात पोर असती तर कळलं असतं. सोडा तो हात. कुशीवर करा. कुशीवर... हां. आता नुसते धरून राहा."

"बरं," अंबोकिले म्हणाला, आणि धरून राहिला.